जुन्या घरात लाकडी कपाटे करण्याआधी एक पावसाळा बघा

दुसऱ्या वर्षीची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी होती. पातोळ्यांसाठी मोठे तपेले काढायला मी सिंकशेजारचे कपाट उघडले आणि दार बिजागरीसकट हातात आले. स्क्रू जिथे बसवला होता तिथला बोर्ड भिजलेल्या पोह्यांसारखा फुगून सुटा झाला होता. आत हात घातला तर मागची फळी गार आणि मऊ लागली. भिंतीकडच्या बाजूला पांढऱ्या बुरशीची लव वाढली होती. शहरातल्या फ्लॅटसाठी करतात तसे ते मॉड्युलर किचन आम्ही मोठ्या हौसेने गोव्यातल्या शिरोड्याच्या जुन्या घरात बसवून घेतले होते. बसवणाऱ्यांनी भिंतीला एकदाही हात लावून पाहिले नव्हते, आणि पाहायला हवे हे आम्हालाही ठाऊक नव्हते.

पुढे तेच स्वयंपाकघर आम्ही पुन्हा केले, या वेळी घराच्या वळणाने. त्याला आता सहा पावसाळे झाले. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौले आणि मधोमध राजांगण, म्हणजे उघडा चौक, असलेले घर ज्यांच्या वाट्याला आले आहे किंवा ज्यांनी ते नव्याने घेतले आहे, आणि ज्यांना तिथे जुन्या धाटणीची लाकडी कपाटे करून घ्यायची आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कामाचा क्रम शक्यतो असाच ठेवा. आमचे नुकसान झाले ते क्रम उलटा झाल्यामुळे. आधी कपाट निवडले आणि भिंत शेवटी पाहिली.

१. पावसाळाभर भिंतीकडे लक्ष ठेवा

गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चिरा म्हणजे जांभा दगड. तो सच्छिद्र असल्यामुळे जमिनीतली ओल वातीने तेल ओढावे तशी वर ओढतो. भिंत दीड-दोन फूट जाड असते, म्हणजे एकदा भिजली की वाळायलाही तिला वेळ लागतो. चुन्याचा गिलावा असेल तर ही ओल त्यातून हळूहळू हवेत निघून जाते. वर सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंट चढवला की तिची वाट बंद होते, मग ती आतल्या आत आणखी वर चढते आणि जिथे फट सापडेल तिथे फुटते. अशा भिंतीला पाठ लावून कपाट ठेवले तर ओल येते ती कपाटात.

म्हणून एक पावसाळा थांबा. घाई असेल तर निदान जुलै-ऑगस्ट तरी जाऊ द्या. दर रविवारी स्वयंपाकघराच्या चारी भिंतींवर ओल कुठवर आली आहे तिथे पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. आमच्याकडे राजांगणाकडची भिंत संपूर्ण पावसाळा कोरडी राहिली. मागची, परसाकडची भिंत मात्र जुलैच्या शेवटी जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत ओली होती. तिच्यामागे चढ आहे आणि वरून उतरणारे पाणी पायाशी साचत होते. त्या पेन्सिलच्या रेघांनीच पुढचा सगळा नकाशा ठरवला. ओल्या भिंतीला लाकूड टेकवायचे नाही, कोरड्या भिंतीवर उंच कपाट उभे करायचे.

याच दिवसांत कौलांतून कुठे गळते, वळचणीचे पाणी कुठे पडते आणि पावसाचे शिंतोडे कुठल्या जनेलातून, म्हणजे खिडकीतून, आत येतात तेही टिपून ठेवा. वाळवीच्या मातीच्या रेघा चौकटीच्या मागे, जिन्याखाली, वाशांच्या टोकाशी शोधा.

पाऊस थांबल्यावर पहिला खर्च बाहेर करा. भिंतीलगत साचलेली माती काढून जमीन खाली न्या, पाणी वळवायला चर काढा, कौले फेरून घ्या. मग आतले सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करा. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो, पण शोधा. हा गिलावा नीट वाळायला काही आठवडे द्यावे लागतात. त्यानंतर वाळवीची फवारणी. यात जमीन आणि भिंत मिळतात त्या रेषेवर साधारण फूटभर अंतराने भोके पाडून औषध सोडतात. हे काम कपाटे बसण्याआधीच व्हायला हवे, कारण नंतर ती रेषा झाकली जाते.

आमच्या कामाला जे मेस्त, म्हणजे सुतार, आले त्यांनी पहिल्या दिवशी भिंतीवर तळहात ठेवला आणि एवढेच म्हणाले, ‘बाय, वणटीक वारें जाय.’ पुढचे तीन महिने मी हेच वाक्य मनाशी धरून प्रत्येक निर्णय घेतला. भिंतीला वारा हवा.

२. जुने म्हणजे कुठले जुने?

इंटरनेटवर ‘पीरियड किचन’ शोधले की इंग्लंड-अमेरिकेतली घरे समोर येतात. फिकट रंगाची दारे, चिनी मातीच्या मुठी, छतापर्यंत चढवलेली कपाटे. ती सुंदर आहेत, पण ती त्यांच्या घरांची आहेत. आपल्या घरात जुने काय होते ते आधी बघा.

आपल्या स्वयंपाकघरांत मुळात कपाटे थोडीच होती. जाड भिंतीत फडताळ असायचे, म्हणजे भिंतीतच कोनाडा ठेवून त्याला चौकट आणि दोन दारे बसवलेली. भांड्यांसाठी उघडी मांडणी. दूध-दही, तूप, उरलेसुरले ठेवायला जाळीचे कपाट, त्याच्या चारी पायांखाली मुंग्या चढू नयेत म्हणून पाणी भरलेल्या वाट्या. साखर-गूळ ठेवायला कुलपाची पेटी. बैठकीच्या खोलीत आरमार, म्हणजे मोठे लाकडी कपाट, तेही चार पायांवर उभे. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. त्यातले काहीच बंद खोक्यासारखे जमिनीला आणि भिंतीला चिकटून बसलेले नाही. पाय आहेत, जाळी आहे, उघडी फळी आहे. हवा खेळती राहावी म्हणूनच ती तशी होती, आणि आजही आपल्याला नेमके तेच हवे आहे.

नमुने बघायला बाहेर पडा. पर्वरीजवळ तोर्ड्याला वास्तुरचनाकार जेरार्ड द कुन्हा यांनी उभारलेले ‘हाऊसेस ऑफ गोवा’ हे संग्रहालय गोव्यातल्या घरांवरच आहे. बाणावलीच्या ‘गोवा चित्र’मध्ये जुनी अवजारे आणि घरगुती वस्तू जवळून बघता येतात. पण सगळ्यात चांगला नमुना तुमच्याच घरात असतो. देवघराचे दार, जुन्या खोलीची झडप, एखादे राहिलेले फडताळ. मोजपट्टी घेऊन त्याच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांची रुंदी मोजा, कडेची गोलाई कागदावर गिरवून घ्या. आमच्या मधल्या दाराच्या चौकटपट्ट्या चार इंच रुंद आहेत आणि आतल्या कडेला एक बारीक गोल रेघ आहे. कपाटाच्या लहान दारांना तेच प्रमाण सव्वादोन इंचांवर आणले आणि तीच रेघ रंध्याने काढून घेतली. एवढ्यानेच नवी कपाटे घरात सामावली. कोरीवकाम एकही नाही.

जुनी फडताळे असतील तर ती बुजवू नका. नवे फडताळ मात्र अभियंत्याला विचारल्याशिवाय खोदू नका. या भिंती छपराचे वजन उचलतात.

३. सामान मोजा

कपाट किती मोठे हे ठरवण्याआधी त्यात काय जाणार ते जमिनीवर मांडा. खरोखर मांडा, एका दुपारी, ओळीने.

इथल्या घरांत एक गोष्ट शहरी नकाशात नसते, ती म्हणजे पुरुमेंत. पावसाळ्यापूर्वीची बेगमी. उकडे तांदूळ, सोलां (कोकम), सुकी मिरची, चिंचेचे गोळे, मीठ, माडाचा गूळ, तिरफळे, लोणच्याच्या बरण्या आणि सुकी मासळी. हे सगळे मे महिन्यात एकदम घरात येते आणि ऑक्टोबरपर्यंत कमी होत जाते. त्यासाठी एक उंच, खोल, जाळीचे कपाट कोरड्या भिंतीवर हवेच. चिनी मातीच्या मोठ्या बरणीची उंची झाकणासकट मोजा. आमची सगळ्यात मोठी सोळा इंचांची निघाली, त्यामुळे खालचा कप्पा अठरा इंचांचा केला. भरलेल्या बरण्यांचे वजन फार असते. त्या कप्प्याची फळी इंचभर जाडीची घ्या आणि तीन फुटांपेक्षा लांब असेल तर मध्ये आधार द्या.

सुक्या मासळीला वेगळी जागा द्या, पडवीकडे किंवा मागच्या दाराशी. ती इतर सामानाबरोबर बंद कपाटात ठेवली की तांदळालाही वास लागतो आणि लाकडातून तो जात नाही.

चवथीची भांडी वर्षातून दोनदा-तीनदा लागतात. त्यांच्यासाठी ओट्याखालची मोक्याची जागा अडवू नका. उघड्या मांडणीवर, उंच ठेवा. तांब्या-पितळेची घासलेली भांडी ओळीने दिसली की स्वयंपाकघराला जे रूप येते ते महागड्या दारांनी येत नाही.

आणि विळी. माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, नारळ अजून विळीवर बसूनच खवतात. पहिल्या वेळी सगळे ओट्यावर नेले तेव्हा त्या स्वयंपाकघरात यायच्याच कमी झाल्या. दुसऱ्या वेळी जनेलाखाली साडेचार फूट लांब, नऊ इंच उंच असा दगडी कट्टा ठेवला, शेजारी पाटा-वरवंटा आणि खाली विळी सरकवायला खाच. घरात कोण बसून काम करते आणि कोण उभ्याने, हे विचारून घ्या.

४. मापे

उभ्या राहणाऱ्यासाठी ओट्याची उंची अशी काढतात. पायात घरात घालता त्या सपाता घालून उभे राहा, हात कोपरात दुमडा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून चार ते सहा इंच वजा करा. पाच फूट दोन इंचांच्या बाईला ओटा साधारण ३३-३४ इंचांवर येतो. शेगडीची स्वतःची उंची असते, त्यावर भांडे चढते. म्हणून शेगडीखालचा ओटा तीन-चार इंच खाली घेतला तर खांदे भरून येत नाहीत. ओट्याची खोली २४ इंच, वरच्या कपाटांची १२ ते १४ इंच, दोन्हींमध्ये मोकळी जागा २२-२४ इंच. समोरासमोर ओटा किंवा कपाट असेल तर मधली वाट साडेतीन फुटांपेक्षा कमी नको.

जुन्या घरात यापेक्षा महत्त्वाचे माप ओळंब्याचे, म्हणजे वजन बांधलेल्या दोरीचे. भिंतीच्या वरून ओळंबा सोडा आणि तीन उंचींवर दोरी-भिंतीतले अंतर लिहा. आमची एक भिंत सात फुटांत पावणेदोन इंच कललेली आहे आणि कोपरा गुण्याला लागत नाही, म्हणजे काटकोनात नाही. जमीनही मोरीकडे उतरती असते. कारखान्यात काटकोनात बनवलेले खोके अशा जागी बसवले की मागे पाचरीसारखी फट राहते आणि ती सिलिकॉनने भरतात. मेस्त जागेवर काम करत असेल तर कडेची पट्टी भिंतीच्या वळणाप्रमाणे तासून घेता येते. त्यासाठी ती पट्टी मापापेक्षा इंचभर रुंद ठेवायला आधीच सांगा.

कौलारू छप्पर मागच्या भिंतीकडे उतरते, तेव्हा वरच्या कपाटाला किती उंची मिळते हे सर्वांत बुटक्या जागी मोजा. काचेचे कौल असेल तर त्याखाली उजेड कुठे पडतो ते सकाळी दहाला आणि दुपारी तीनला बघा, आणि तिथे कापायची-निवडायची जागा ठेवा. तो उजेड सोन्यासारखा आहे. खाली फॉल्स सीलिंग मारून तो आणि वर जाणारी गरम हवा, दोन्ही अडवू नका.

सगळी मापे झाली की कागदावरच्या नकाशावर थांबू नका. जमिनीवर खडूने पूर्ण मापाचे चित्र काढा, कपाटांच्या जागी पुठ्ठ्याचे खोके ठेवा आणि दोन दिवस त्यातच स्वयंपाक करा. आमच्या नकाशात फ्रिजचे दार मांडणीवर आपटत होते. ते खडूच्या रेघेवर कळले.

५. गॅस, पाणी, वीज

हे लाकडाच्या आधी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साचतो. त्यामुळे सिलिंडर बंद कपाटात ठेवायचा नाही. ओट्याखाली ठेवणार असाल तर तो कप्पा खालून आणि वरून मोकळा हवा, दार लावायचेच तर जाळीचे किंवा पट्ट्यांचे. सिलिंडर उभा, आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि ती भिंतीतून आरपार नेऊ नका. सिलिंडर बाहेर पडवीत ठेवायचा असेल तर तांब्याची नळी एजन्सीच्या अधिकृत माणसाकडून घालून घ्या. विजेची चिमणी शेगडीपासून २६ ते ३० इंचांवर बसते, तिचा पाइप वाशांना न लागता भिंतीतून बाहेर काढा.

सिंकखाली लाकडी कपाट करूच नका. तिथे कडप्प्याचे उभे आधार आणि समोर पट्ट्यांचे दार पुरे.

६. खाली दगड, वर लाकूड

आता सांगाडा. दोन पावसाळ्यांचा धडा घेऊन आम्ही ठरवले की ओट्यापर्यंतचे काम दगडाचे. ओट्याखालचे उभे आधार आणि आडवे कप्पे कडप्प्याचे, त्यावर पुढून सागवानाची चौकट आणि दारे. दार बंद असले की समोरून सगळे लाकडी दिसते. उघडले की आत काळा दगड. त्याला वाळवी लागत नाही, तो फुगत नाही आणि ओल्या फडक्याने पुसता येतो. कडप्प्याच्या कडा घासून गोल करून घ्या, नाहीतर भांडी काढताना बोटे सोलवटतात.

ओट्याच्या वरच्या पृष्ठभागाला मात्र कडप्पा घेऊ नका. तो चुनखडीचा दगड आहे, आंबट लागले की त्याची चमक जाते आणि पांढुरके डाग राहतात. ज्या घरात रोज सोलांचे पाणी, चिंच आणि लिंबू ओट्यावर सांडते तिथे ग्रॅनाइटच योग्य, काळा आणि शक्यतो फार चकचकीत नसलेला.

प्लायवूड वापरायचेच असेल तर ते कोरड्या भिंतीवरच्या वरच्या कपाटांत. मरीन प्लाय मागा आणि शीटवर आयएस ७१० हा शिक्का स्वतः बघा. या मानकाच्या परीक्षेत प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. दुकानदाराकडून एक तुकडा घेऊन घरी तीन तास उकळा. थर सुटले तर तो माल घेऊ नका. बाजूंना पाऊण इंची प्लाय, आणि कापलेली प्रत्येक कड, अगदी भिंतीकडची सुद्धा, लाकडी पट्टीने किंवा रंगाने बंद केलेली हवी. पाणी शिरते ते कडेतूनच. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ हे भुसा दाबून केलेले बोर्ड या घरांत आणू नका.

कपाटाला मागे अखंड फळी लावण्याऐवजी दोन-दोन सुतांची (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट ठेवून पट्ट्या लावा. भिंत आणि कपाट यांच्यात इंचभर जाडीच्या उभ्या पट्ट्या ठोका. उभ्याच, म्हणजे हवा खालून वर जाईल आणि आडव्या पट्टीवर ओल साचणार नाही. जमिनीवर उभ्या असलेल्या कपाटांना चार-पाच इंचांचे पाय, आणि पायाखाली दगडाची किंवा पितळेची टोपी.

वजनदार कपाट चिऱ्यावर टांगताना जपा. चिरा मऊ असतो आणि जुन्या भिंतीत दोन चिऱ्यांमध्ये बऱ्याचदा मातीच असते. प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू काही दिवस धरतात, मग सैल होतात. आम्ही वरची कपाटे टांगलीच नाहीत. ती ओट्यावरच दोन उभ्या बाजूंनी टेकवली, जुन्या आरमाराच्या वरच्या भागासारखी. वजन दगडावर, भिंतीला फक्त दोन ठिकाणी अडकवलेले.

७. लाकूड आणि दारे

सागवान महाग आहे, पण पावसाळी हवेत ते कमी हलते, म्हणजे कमी फुगते-आकसते, आणि गाभ्याचे असेल तर वाळवीला टिकते. पिवळट-पांढरा भाग बाहेरच्या सालीकडचा असतो. तो वाळवीला आवडतो. एकेक फळी पालटून बघा आणि पांढरे निघालेले परत करा. फणसाचे लाकूड इथले आहे, पिवळेधमक असते आणि वर्षागणिक तपकिरी होत जाते. मांडणी आणि खणांसाठी मला ते सागवानापेक्षा आवडते. मत्ती, म्हणजे ऐन, हेही इथले झाड. त्याचे लाकूड वजनाला भारी आणि मजबूत असते, तुळईला चांगले, बारीक दाराला नाही. आंब्याला भुंगा लागतो. पाडलेल्या घरांचे जुने सागवान मिळाले तर घ्या, ते पुरते वाळलेले असते. फक्त करवतीखाली घालण्याआधी सगळे खिळे काढून घ्यावे लागतात.

आपल्याच परसातला फणस तोडायचा विचार असेल तर वन खात्याची परवानगी लागते. १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा खाजगी जमिनीलाही लागू आहे. शिवाय ताजे लाकूड सावलीत रचून, मध्ये पट्ट्या घालून बराच काळ वाळवावे लागते.

लाकूड घनफुटावर विकतात. एका घनफुटातून इंचभर जाडीचे बारा चौरस फूट निघायला हवे, पण करवत आणि रंध्यात बरेच जाते. हातात तयार आठ-नऊ चौरस फूट धरा. कामाच्या दिवशी ओलावा मोजायचे यंत्र मेस्ताकडे असेल तर १२ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आकडा हवा.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलते. पंधरा इंच रुंद अखंड फळी भर पावसाळ्यात एक-दीड सूत वाढू शकते. जुन्या सुतारांनी म्हणूनच चौकट आणि तिच्या खाचेत मोकळे बसलेले पॅनेल अशी दारे केली. चौकट अरुंद पट्ट्यांची, ती थोडीच हलते. पॅनेल खाचेतल्या खाचेत फुगते आणि आकसते. तीन सूत खोल खाच करा आणि पॅनेलच्या दोन्ही बाजूंना एकेक सूत मोकळे ठेवा. पॅनेलला फेव्हिकॉल लावायचा नाही. वर आणि खाली बरोबर मध्यावर एकेक बारीक खिळा मारला की ते खडखडत नाही. आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. पॅनेल चौकटीत घालण्याआधीच त्याला पॉलिश करून घ्या. नंतर केले तर जानेवारीत लाकूड आकसते आणि चौकटीच्या कडेने कोऱ्या लाकडाची फिकट रेघ उघडी पडते. आमच्या पहिल्या दोन दारांवर ती अजून आहे.

दारे चौकटीच्या आत बसणारी करा, बाहेरून झाकणारी नकोत. जुने रूप त्यातूनच येते. कोरड्या महिन्यांत बसवताना चारी बाजूंनी एक सूत मोकळे ठेवा. पुरुमेंताच्या कपाटाला पॅनेलऐवजी स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी लावा. लोखंडी जाळी या हवेत दोन-तीन वर्षांत गंजते.

८. बिजागऱ्या, कड्या आणि पॉलिश

समुद्र जवळ असो वा नसो, इथली हवा लोखंड खाते. बिजागऱ्या पितळेच्या, घन ओतीव. पितळी मुलामा दिलेल्या नकोत. घासून किंवा चुंबक लावून बघता येते. पितळी स्क्रू सागवानात सरळ पिळला तर डोके तुटते आणि शरीर आत राहते. आमच्या मेस्तांची पद्धत अशी होती. आधी बारीक ड्रिल, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू साबण लावून पिळून बाहेर काढायचा, आणि तयार झालेल्या वाटेने पितळी स्क्रू हाताने बसवायचा. एका दाराला आठ स्क्रू, त्याला पाऊण तास. घाई करणाऱ्याला हे जमत नाही, म्हणून हे काम चालू असताना जवळ बसा.

खणांना टेलिस्कोपिक चॅनेल घ्यायचेच तर स्टेनलेस ३०४ चे. आम्ही लहान खण जुन्या पद्धतीने लाकडी पट्टीवरच चालवले. पट्टीला मेण घासले की गुळगुळीत सरकतात.

लाखेचे पॉलिश देखणे, पण ओले भांडे टेकले की पांढरे वलय उठते. ते बैठकीच्या खोलीला ठेवा. स्वयंपाकघरात दारांना मॅट मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), आणि हात वारंवार लागणाऱ्या मांडणीला अळशीचे तेल, वर्षातून एकदा. काजूच्या सालीचे तेल वाशांना आणि होड्यांना लावायची रीत किनारपट्टीवर जुनी आहे. ते कातडी भाजते, म्हणून हातमोजे घालूनच, आणि अन्नाचा संबंध नाही अशा पायांच्या तळाला आणि भिंतीकडच्या पट्ट्यांनाच लावा. कुठलेही पॉलिश असो, दाराच्या दोन्ही बाजूंना आणि वरच्या-खालच्या कडांना सारखे लावून घ्या. एकच बाजू केली तर दार वाकते.

९. मेस्त, पैसे आणि दिनदर्शिका

मेस्ताने पाच-सात वर्षांपूर्वी केलेले काम बघायला जा, आणि जमल्यास ऑगस्टमध्ये. दारे उघडून बघा, मागे हात घाला. लाकूड स्वतः घ्या, मजुरी वेगळी ठरवा. सगळी दारे सुरू होण्याआधी एक नमुना दार बिजागरी-पॉलिशसकट पूर्ण करून घ्या आणि आठवडाभर घरात ठेवा. मगच बाकीच्यांना हात. पैसे कामाच्या टप्प्यांवर द्या आणि शेवटचा हप्ता पहिल्या पावसाळ्यानंतर असे आधीच बोलून ठेवा. चांगला मेस्त याला नाही म्हणत नाही.

ऑक्टोबरात गिलावा आणि बाहेरचे काम, नोव्हेंबर-डिसेंबरात मापे आणि लाकूड, जानेवारीपासून सुतारकाम, एप्रिलअखेर पॉलिश संपलेले. मे महिन्याच्या मध्यावर हवा बदलते आणि पॉलिश वाळत नाही. चवथीच्या आधीचे दोन महिने गोव्यात कुणाच्याही हाताला वेळ नसतो, तेव्हा ‘चवथीपर्यंत करून देतो’ या बोलीवर काम सुरू करू नका.

१०. पहिला पावसाळा

कपाटे बसल्यावरच्या पहिल्या पावसाळ्यात, उघडीप मिळेल त्या दुपारी सगळी दारे तासभर सताड उघडी ठेवा. भिंतीवरच्या पेन्सिलच्या रेघा पुन्हा मारा. एखादे दार जुलैत घासायला लागेल. त्याला तेव्हा रंधा लावू नका. तेव्हा तासले तर जानेवारीत बोटभर फट दिसेल. घासते तिथे खडूने खूण करा, जोर न लावता दार किंचित उघडे ठेवा आणि डिसेंबरपर्यंत थांबा. आमच्या अकरा दारांपैकी चार घासत होती. थंडीत तीन आपोआप मोकळी झाली. उरलेल्या एकाची खालची कड मेस्तांनी खडूच्या खुणेवर जेमतेम अर्धा सूत तासली, त्या कडेला पुन्हा पॉलिश लावले आणि मग उरलेला हप्ता घेतला.